सभागृह सहायक, घंटेसह

पेट्रोल पंप मागे पडला, लाकडाची वखार मागे पडली, दवाखान्याची लांबच लांब भिंतसुद्धा संपत आली, तरी काका अजून ‘सन्माननीय’मध्येच होते.

“सन्माननीय कुलगुरू, सन्माननीय विभागप्रमुख, सन्माननीय माजी विभागप्रमुख, त्यांच्याही आधीच्या सन्माननीय विभागप्रमुख बाई...”

“अहो, समोर माणसं आहेत ना अजून? की उठून गेली?” काकू म्हणाली.

“मध्ये बोलू नकोस. लय तुटते.”

“लय कसली? हजेरी घेताय नुसती.”

हे काका म्हणजे विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहाचे काका. विद्यापीठात काकांना तोटा नाही, पण नुसतं ‘काका’ म्हटलं की हेच. आणि काकू म्हणजे त्यांची बायको, हे लिहिणारी. स्वतःबद्दल मी-मी करत लिहायला तिचा हात रेटत नाही, म्हणून इथेही ती काकूच.

उद्या काकांचा नोकरीतला शेवटचा दिवस. दुपारच्या चहाआधी त्यांच्याच सभागृहात त्यांचा निरोप समारंभ, आणि त्यात त्यांना दहा मिनिटं बोलायचं होतं. आता दहा मिनिटं बोलणं म्हणजे काय मोठंसं? पण काकांनी आख्खी नोकरी दुसऱ्यांना बोलता बोलता थांबवण्यात घालवली होती. ज्यांना ज्यांना थांबवलं, ती सगळी मंडळी उद्या पुढच्या रांगा धरून बसणार होती. काका किती लांबतात आणि त्यांच्यावर घंटा कशी वाजते, हे बघायला गणित विभागसुद्धा येणार होता, आणि गणितवाले एरवी स्वतःच्या विभागाच्या समारंभालाही फिरकत नाहीत.

काकू दुपारी सभागृहातलं त्यांचं सामान घरी न्यायला आली होती. सामान म्हणजे एक छत्री, चहाचा मग, खुर्चीवरची उशी आणि एसीत थंडी वाजते म्हणून ठेवलेला बाह्या विरलेला स्वेटर. तेवढं पिशवीत भरून ती बसथांब्याकडे वळली, तर काका सरळ चालायला लागले.

“अहो, बस इकडे.”

“बसमध्ये भाषण म्हणता येत नाही. माणसं बघतात.”

“मग रस्त्यावरची डोळे मिटून चालतात का?”

पण काका पुढे गेले होते. तेव्हापासून ही पायपीट चालली होती. वखारीपाशी एकदा भाषण सुरू झालं, ते स्वागतातच अडकलं. दवाखान्यापाशी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि आता त्यात काकूचा भाऊ शिरला होता.

“...आणि ज्यांनी मला या संस्थेची पायरी दाखवली, ते आमचे मेहुणे, ज्यांनी या सभागृहातले पंखे...”

“दादाला कशाला ओढताय मध्ये?”

“पंखे त्याने बसवले. खोटं आहे का?”

खोटं नव्हतं. काकूचा भाऊ विद्यापीठात पंखे दुरुस्त करायला जायचा, त्यानेच मेहुण्यांना तिथे चिकटवून दिलं. “काम काय?” असं काकूने तेव्हा विचारलं होतं.

“खुर्च्या,” भाऊ म्हणाला.

“खुर्च्यांचं काय?”

“लावायच्या.”

“आणि मग?”

“मग काढायच्या.”

काकूने माहेरी कळवताना शहाणपणा केला आणि ‘विद्यापीठात लागले’ एवढंच सांगितलं. तिच्या वडिलांनी त्याच्या पुढचा शहाणपणा केला आणि जावई प्राध्यापक झाले म्हणून चार लोकांत सांगून टाकलं. एका लग्नात त्यांच्या एका मित्राने काकांना गाठलं. “काय जावईबापू, आपला विषय कोणता?”

काकांना खोटं बोलता येत नाही आणि खरंही चटकन सुचत नाही. ते म्हणाले, “सगळेच. ज्या विषयाचं व्याख्यान असेल, त्याच्या खुर्च्या मी लावतो.”

मित्र कौतुकाने हसला. त्याला ती विद्वानांची नम्रता वाटली.

नोकरी होती तात्पुरती. वर्षातून एक दिवस ती सुटायची आणि दुसऱ्या दिवशी परत लागायची. कागदोपत्री खंड पडावा, म्हणजे कुणाला हक्क सांगता येऊ नये, अशी ती युक्ती. त्या एका दिवशी काका घरात बसून असत. पेपर उलटा धरला तरी त्यांच्या लक्षात येत नसे. काकू त्या दिवशी मोठ्याने भांडंसुद्धा ठेवत नसे. देवापुढे बसायची ती मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची. मागायचं एकच असे, कायम होऊ दे. दुसऱ्या दिवशी काका परत कामावर जात आणि घरात पुन्हा भांडी आपटायला लागत.

आता हे विद्यापीठ म्हणजे साधं कॉलेज नव्हे. इथे शिकवण्यापेक्षा शोधण्याला मान. कुणी किडे शोधतो, कुणी तारे शोधतो, कुणी दुसऱ्याच्या शोधातल्या चुका शोधतो. आणि जे काही सापडलं, ते सभागृहात उभं राहून सगळ्यांना सांगावं लागतं. सांगायला वेळ ठरवून दिलेला. अध्यक्षांच्या टेबलावर एक पितळेची घंटा, तळहाताने दाबली की टिंग वाजणारी. पहिली टिंग म्हणजे आवरतं घ्या, दुसरी टिंग म्हणजे बसा.

नियम असा छान होता आणि घंटा काळी पडली होती. कारण वाजवणार कोण? इथे प्रत्येकाला प्रत्येकाकडून काही ना काही हवं असतं. ह्याला त्याची शिफारस हवी, त्याला ह्याचं यंत्र वापरायला हवं, तिसऱ्याच्या विद्यार्थ्याचा प्रबंध चौथ्याकडे तपासायला पडलेला. घंटेवर हात ठेवायची कुणाची छाती होईना. त्यामुळे जो उभा राही, तो बोलतच राही. बाहेर चहा गार होई, तो परत गरम होई, आणि परत गार होई.

त्यातले मेरुमणी म्हणजे लांबणसर. खरं नाव वेगळं, पण ते घरचे सोडून कुणाला आठवत नाही. लांबणसर मातीवर बोलायचे. साधी आपली जमिनीतली माती. पण सुरुवात करायची ती पृथ्वी तयार झाली तिथून, आणि चहाच्या वेळेपर्यंत पृथ्वी जेमतेम थंड झालेली असायची.

अशाच एका दिवशी अध्यक्षस्थानी तेव्हाच्या विभागप्रमुख बाई होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं. लांबणसर तापलेल्या पृथ्वीवर रेंगाळले होते. बाईंनी इकडे तिकडे बघितलं. दाराशी काका उभे होते, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत. बाईंनी त्यांना खुणेने बोलावलं आणि हळूच विचारलं, “काय हो, तुम्हाला ह्या सरांकडून काही हवंय का?”

“नाही बाई.”

“ह्या सभागृहातल्या कुणाकडून?”

काकांनी प्रामाणिकपणे सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. “नाही बाई. उठले तर खुर्च्या आवरीन म्हणतो. माझी बस आहे.”

“मग ही घंटा तुम्ही वाजवा,” बाई म्हणाल्या आणि घंटा त्यांच्याकडे सरकवली.

काकांनी वाजवली. लांबणसरांना वाटलं, चहा आल्याची वर्दी आहे. “मला नंतर,” म्हणाले आणि पुढे बोलायला लागले. काकांनी दुसरी वाजवली. सर थांबले. त्यांनी घंटेकडे बघितलं, मग काकांकडे, मग बाईंकडे. बाई टाळ्या वाजवत उठल्यासुद्धा होत्या. मग सभागृह असं काही टाळ्या वाजवायला लागलं, की लांबणसरांना ते आपल्याच व्याख्यानाचं यश वाटलं.

त्या दिवसापासून घंटा काकांकडे आली ती आलीच. पुढच्या रांगेच्या कडेला त्यांना खुर्ची मिळाली. समोर भिंतीवरचं घड्याळ, हाताशी घंटा. काकांनी तिला चिंच लावून घासली, तेव्हा ती पितळेची आहे हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. लहान-मोठा, ओळखीचा-परका, बाई-बुवा, कुणाला सवलत नाही. परदेशातून आलेल्या एका फार मोठ्या शास्त्रज्ञालाही त्यांनी थांबवलं. तो म्हणे खाली उतरून काकांचा हात हातात घेऊन खूप वेळ बोलला. काय बोलला ते काकांना कळलं नाही, पण तिथेही फार वेळ झाला म्हणून ते घंटेकडे बघायला लागले होते.

तिसरी घंटा नव्हती. दुसरीनंतरही कुणी बोलतच राहिला, तर काका उठत आणि पुढच्या रांगेपासून खुर्च्या मिटायला लागत. हे एकदाच करावं लागलं. लांबणसरांसाठीच.

घंटा सभागृहातून घरी आली नाही, पण सवय आली. कुणाचं बोलणं लांबलं की काका ताटातला चमचा उचलून पेल्यावर हळूच मारायचे. टिंग. त्यांना स्वतःला कळायचंही नाही. काकूची आई एकदा राहायला आली होती. बिचारी गुडघ्यापासून सुरू करून कमरेपर्यंत पोचली होती, पाठ आणि मान अजून यायची होती, तेवढ्यात टिंग.

“जावयांना पाणी हवंय का गं?” म्हातारीने विचारलं.

काकूने कपाळाला हात लावला. त्यानंतर आई पुष्कळदा आली, पण काका जेवायला बसले की आपलं दुखणं घेऊन शेजारणीकडे जायची.

काकूच्या प्रार्थनेलाही सुटका नव्हती. ती डोळे मिटून बसली आणि जरा लांबलं, की दारात खाकरणं ऐकू यायचं.

“देवालाही दुसरी कामं असतात म्हटलं.”

“देवाला कामं आहेत की तुम्हाला भूक लागलीय?”

“दोन्ही.”

पण मागणं तेच होतं. बरीच वर्षं गेली, लेक शाळेत जायला लागली, फळ्याच्या जागी पडदा आला, खडूच्या जागी यंत्र आलं, आणि ते यंत्र चालवायला काका धडपडत का होईना शिकले. नोकरी मात्र वर्षातून एक दिवस सुटतच होती.

मग एका वर्षी बातमी फुटली. विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला कुलगुरू भाषण करणार आणि भाषणाच्या शेवटी तात्पुरत्या लोकांना कायम केल्याचं जाहीर करणार. माळी, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी बाई, दोन रखवालदार आणि काका. घरच्यांनाही बोलावणं होतं. भांडी धुणारी बाई नवी साडी नेसून आली. माळ्याने पायात बूट घातले होते आणि ते चावत असल्यामुळे तो सारखा हसत होता. काकू लेकीला घेऊन मागच्या रांगेत बसली. काका त्यांच्या जागी, कडेला, घंटेशी.

कुलगुरू चांगलं बोलत. फक्त त्यांनाही मुळापासून सुरुवात करायची खोड होती. विद्यापीठाचा पाया, मग भिंती, मग एकेक मजला. काकूचं लक्ष एकदा घड्याळाकडे, एकदा काकांकडे. पहिली घंटा झाली. कुलगुरूंनी मान डोलावली आणि गच्ची घातली. काकू खुर्चीत पुढे सरकली. तिने डोळे मिटले. देवा, एवढा एक दिवस त्यांचा हात धरून ठेव. बाकी काही मागत नाही.

“आणि आता शेवटी,” कुलगुरू म्हणाले आणि थांबून हसले, “ज्या गोष्टीची आपण सगळे इतकी वर्षं वाट बघतोय, ती—”

टिंग.

कुलगुरूही मूळचे संशोधकच. तरुणपणापासून घंटा वाजली की बसायचं, हे अंगात मुरलेलं. त्यांनी तोंड मिटलं, “आभारी आहे” म्हणाले आणि खाली बसले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. अध्यक्षांनी चहा जाहीर केला. चहाला कुलगुरूंना पाहुण्यांनी असा वेढा घातला, की माळी बूट हातात घेऊन कडेकडेने फिरला तरी त्याला आत शिरता आलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच कुलगुरू परदेशी परिषदेला निघून गेले.

लोक हेड क्लार्ककडे धावले. हेड क्लार्क म्हणाले, “साहेबांच्या तोंडून निघायचं ते निघालं नाही. मी माझ्या मनाने कुणाला कायम करू? मी काय देव आहे?”

काकूही त्या घोळक्यात होती. ती म्हणाली, “देवाकडेच गेले होते. त्याने तुमच्याकडे पाठवलं.”

हेड क्लार्क चष्मा पुसायला लागले, पण कागद हलला नाही.

त्यानंतरचे दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. रखवालदार त्यांना बघून आकाशाकडे बघत. भांडी धुणारी बाई तोंडावर म्हणाली, “काका, त्या दिवशी तुमचा हात लचकला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?” काका त्या काळात सायकलने जायचे. माळी रोज संध्याकाळी झाडांबरोबर काकांच्या सायकलच्या सीटलाही पाणी घालायला लागला. काका ओल्या पँटने घरी यायचे आणि ती दोरीवर वाळत घालायचे.

काकू तर पेटलीच होती. “तोंडाशी आलेला घास! आपल्या हाताने! अहो, एवढी घंटा महत्त्वाची?”

काका भात कालवत राहिले.

“मुद्दाम वाजवलीत, की चुकून?”

पेल्यावर चमचासुद्धा वाजला नाही. तेव्हा मात्र काकूला भीती वाटली, आणि तिने बोलणं आवरतं घेतलं.

कुलगुरू परत आले ते एक दिवस सरळ सभागृहात. काका खुर्च्या लावत होते, हेड क्लार्क मागे फाइल घेऊन उभे.

“त्या दिवशी माझं काहीतरी सांगायचं राहिलं हो,” कुलगुरू काकांना म्हणाले. “विमानात बसल्यापासून आठवतोय. काय होतं ते?”

ज्याच्यासाठी काकूने इतकी वर्षं देवाचे कान खाल्ले, ते एका शब्दावर आलं होतं. काकांनी तोंड उघडलं. स्वतःसाठी कुणाकडे काही मागायची सवयच नव्हती. ते म्हणाले, “साहेब, आता व्याख्यान सुरू व्हायचंय. बसून घ्या.”

तेवढ्यात खिडकीबाहेरच्या वाफ्यातून आवाज आला. “कायम! साहेब, कायम! आम्हाला कायम करणार होतात!” माळ्याच्या हातातली नळी तशीच चालू होती आणि पाणी खिडकीतून आत येत होतं.

“अरे हो की!” कुलगुरू म्हणाले. भिजलेली बाही झटकत त्यांनी हेड क्लार्ककडे वळून विचारलं, “ह्या गृहस्थांचं पद काय आहे?”

“खुर्च्या, साहेब.”

“त्यात घंटापण घाला. नाहीतर उद्या कुणीतरी काढून घेईल ह्यांच्याकडून.”

हेड क्लार्कना नियमात घंटेला जागा सापडेना. शेवटी त्यांनी त्यांच्या परीने वाट काढली. आदेश आला तो असा: ‘सभागृह सहायक (घंटेसह)’. काकूने तो घरी मोठ्याने वाचला, आणि कित्येक दिवसांनी दोघं हसली. हसता हसता काकू रडायलाही लागली, तेव्हा काकांनी बराच वेळ तिला रडू दिलं. लेकीच्या शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला, तेव्हा तिने तस्संच लिहून दिलं, कंसासकट.

पुढे बढत्या झाल्या, पगार वाढला, घर झालं, लेक आपल्या संसाराला लागली. कंस तेवढा राहिला.

“...आणि ते माळी, ज्यांनी माझ्या सायकलला...” रस्ता आता पुलावर आला होता. काका भाषणात माळ्यापर्यंत पोचले होते. भांडी धुणारी बाई, दोन रखवालदार आणि हेड क्लार्क अजून शिल्लक होते. खाली नदीला बेताचं पाणी होतं. काकू कठड्याला टेकली आणि तिने पिशवी खाली ठेवली.

“अहो, एक विचारू? आज तरी सांगा. मुद्दाम वाजवली होतीत, की चुकून?”

काका भाषणातून बाहेर आले. कोणती, असं त्यांनी विचारलं नाही.

“मी ऐकतच नव्हतो गं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे मी कुणाचंच ऐकत नाही. घड्याळ बघतो. इतकी वर्षं इतकी व्याख्यानं ऐकली असती, तर माझं डोकं ठिकाणावर राहिलं असतं का? आणि ऐकलं की वाटतं, राहू दे, आत्ताच कुठे रंगात आलाय. बाईंनी घंटा दिली त्या दिवशीच मला कळलं, ऐकायचं नाही. कुलगुरूंच्या भाषणालाही घड्याळच बघत होतो. टाळ्या का वाजत नाहीत पटकन, एवढंच वाटलं. मग तुझं तोंड दिसलं मागच्या रांगेत.”

“आणि मला वाटायचं, केवढं ते तत्त्व!” काकू म्हणाली. “शेजारणीला सांगितलं होतं मी. तत्त्वाचा माणूस म्हणून.”

“सांगितलंस ते राहू दे आता.”

“म्हणजे एवढ्या विद्वानांत बसून तुम्हाला काहीच कळलं नाही?”

“पृथ्वी आधी तापलेली होती, एवढं कळलं. तेही लांबणसर फार वेळा म्हणाले म्हणून.”

काकू हसली ती हसतच राहिली. पुलावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याने वळून बघितलं. काका मात्र हसले नाहीत. ते कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होते.

“उद्या घंटा लांबणसर मागतायत,” ते म्हणाले.

“ते तर कधीच निवृत्त झाले ना?”

“खास येणार आहेत. काठी टेकत. सकाळी फोन आला होता त्यांचा. ‘काका, एवढा मान मला द्या, मग मी मरायला मोकळा.’ पहिल्याच ‘सन्माननीय’ला वाजवतील ते. आणि नवे विभागप्रमुख वाजवणारच नाहीत, माझ्यापुढे त्यांना अजून भीती वाटते. लहानपणी म्हणजे विद्यार्थी असताना दोनदा बसवलंय त्यांना.”

“मग दहा मिनिटांत संपवा ना तुम्ही. घंटेचा प्रश्नच नाही.”

“तेच होत नाहीये.” काकांनी मागे, आलेल्या रस्त्याकडे बघितलं. “वखारीपासून म्हणतोय. ह्याचं राहिलं, त्याचं राहिलं. एक आवरलं की दुसरं आठवतं. आणि दुसऱ्याच्या बोलण्याला घड्याळ होतं. माझं मलाच ऐकू येतं ना गं. घड्याळ दिसतच नाही.” मग ते म्हणाले, “बोलणं संपलं की नोकरी संपली. मग कोण थांबेल?”

काकूने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पिशवी उचलली. दोघं पुलावरून उतरली. लाँड्रीवाला दुकान बंद करत होता, त्याने काकांना हात केला. पुढच्या कोपऱ्यावर घराची गल्ली दिसायला लागली, तरी काकांनी भाषण पुन्हा सुरू केलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ते उभे राहिले.

“अगं, तुला माझ्याकडून काही हवंय का?”

“आता विचारताय?” काकू म्हणाली. “स्वयंपाकघरातला नळ गळतोय. कपाटाचं दार लागत नाही. लेकीकडे चार दिवस राहायला चला म्हणून मी कधीची मागे लागलेय. पोटमाळ्यावरचा पत्र्याचा डबा—”

“तसं नाही. उद्यापुरतं. त्या सभागृहात. काही हवंय?”

काकूने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. आतला मग छत्रीच्या दांड्यावर आपटून किणकिणला. तिला आठवली ती पोटात काही न गेलेली विभागप्रमुख बाई, आणि दाराशी उभा असलेला बस चुकेल म्हणून घाबरलेला हा माणूस. काय विचारलं जातंय ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. हवं तर पुष्कळ होतं. पण उद्यापुरतं तिने सगळं बाजूला ठेवून बघितलं, आणि मग देवापुढे सांगावं तसं खरं काय ते सांगितलं.

“नाही. उद्यापुरतं काही नको.”

“मग उद्या घंटा तू वाजव,” काका म्हणाले. “आणि हे बघ, माझं ऐकू नकोस हं. घड्याळाकडे बघ.”